लॉजिक गेम्सचं पुस्तक मिटव, पण त्यातला ‘च’ शिकून घे

तू लिहिलंस, “ताई, बी.कॉम. झालंय, टोरांटोला लॉ करायचंय. त्याच्या प्रवेशपरीक्षेची, एलसॅटची, जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळाली. पण ती वेळापत्रकाची कोडी सुटत नाहीत, एकेकाला पंचवीस मिनिटं जातात. काय करू?”

सगळ्यात आधी हे ऐक. ती कोडी आता परीक्षेत येतच नाहीत. जून २०२४ ची एलसॅट ही अशी कोडी, म्हणजे लॉजिक गेम्स, असलेली शेवटची परीक्षा. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचे दोन भाग, वाचन-आकलनाचा एक आणि ज्याचे गुण धरत नाहीत असा एक, असे प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार भाग असतात. गुण न धरला जाणारा भाग कोणता ते परीक्षेत कळत नाही, म्हणून चारही तितकंच मन लावून सोडवायचे. कोडी गेली त्यामागे चांगलं कारण आहे. ती सोडवायला कागदावर आकृती काढावी लागते आणि दृष्टिहीन उमेदवारांवर त्यात उघड अन्याय होत होता. त्यांनी लढलेल्या दाव्यात २०१९ मध्ये तडजोड झाली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दुसरा मार्ग शोधायचं कबूल केलं. मला हा बदल मनापासून पटतो.

मी २०१७ मध्ये कागद-पेन्सिलवर ही परीक्षा दिली. ३५ मिनिटांत चार कोडी, म्हणजे एकाला जेमतेम पावणेनऊ मिनिटं. तेव्हा शिकले त्यातलं एक तुझ्या अजूनही कामाचं आहे, म्हणून एक कोडं तुला कळेल अशा वेशात मांडते.

गणपती मंडळाचे सोमवार ते शनिवार सहा कार्यक्रम: कीर्तन, भजन, व्याख्यान, पोवाडा, गायन, नाटक. रोज एक. गायन गुरुवारी. कीर्तन आणि भजन लागोपाठच्या दिवशी, आधी कुठलंही चालेल. कीर्तन व्याख्यानाच्या आधी. व्याख्यान आणि पोवाडा दोन्ही नाटकाच्या आधी.

तू करत असशील ते म्हणजे एकेक मांडणी लिहून तपासणं. नियम नसते तर अशा ७२० मांडण्या झाल्या असत्या, म्हणून पंचवीस मिनिटं जातात. त्याऐवजी सगळ्यात अवजड वस्तू आधी ठेव, घरात कपाट आधी लावतो तशी. इथे ती कीर्तन-भजनाची जोडी. गुरुवार गेलेला, तेव्हा तिला जागा तीनच: सोम-मंगळ, मंगळ-बुध किंवा शुक्र-शनि. शुक्र-शनि घेतलं तर कीर्तनानंतर व्याख्यान आणि त्यानंतर नाटक बसायला दिवसच उरत नाहीत. खोड ते. उरल्या दोन.

जोडी सोम-मंगळला असेल, तर बुध, शुक्र आणि शनि मोकळे. नाटक शेवटी, म्हणजे शनिवारी. व्याख्यान आणि पोवाडा बुध-शुक्रमध्ये कसेही. जोडी मंगळ-बुधला असेल, तर सोमवारी व्याख्यान नको, कारण कीर्तन आधी हवं, नाटकही नको. म्हणून सोमवारी पोवाडा, शुक्रवारी व्याख्यान, शनिवारी नाटक. दोन्हीकडे जोडीतली अदलाबदल धरून एकूण सहाच मांडण्या. नाटक तर प्रत्येक वेळी शनिवारीच, आणि हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं! आता “भजन बुधवारी असेल तर काय नक्की?” असं विचारलं, की सगळा आठवडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

एवढं समजलं की पुस्तक मिटव. गेम्सवर आणखी महिने घालवू नकोस.

कोडी गेली, पण त्यांच्या पोटातलं तर्कशास्त्र लॉजिकल रीझनिंगमध्ये तसंच आहे. आपल्या भाषेत त्याची खूण एका अक्षरात असते. “परवानगी मिळाली तर मिरवणूक निघेल” आणि “परवानगी मिळाली तरच मिरवणूक निघेल” यांत फरक त्या ‘च’चा. पहिल्यात परवानगी मिळाली की मिरवणूक नक्की. दुसऱ्यात परवानगी मिळूनही मिरवणूक न निघणं शक्य आहे. पण निघालेली दिसली तर परवानगी होतीच. इंग्रजीत ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ हे भराभर वाचताना माझी नेहमी गल्लत व्हायची. मनातल्या मनात मराठी वाक्य करून ‘च’ लावायला लागले, तेव्हा थांबली. ‘अनलेस’चंही तसंच: “पाऊस थांबल्याशिवाय निघणार नाही”. निघाले असतील, तर पाऊस थांबलाय. पण पाऊस थांबला म्हणून निघालेच असतील, असं त्यात कुठेही नाही. चुकीचे पर्याय बहुधा नेमकी हीच उलटी वाट पकडतात.

व्यवहाराचं थोडक्यात. इथे कॅनडात बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या लॉ स्कूलना एलसॅट लागते, आणि जे.डी., म्हणजे इथली लॉची पदवी, तीन वर्षांची. तुझ्याकडे भारतातली एलएल.बी. असती तर रस्ता वेगळा होता; पदवीचं मूल्यमापन करून राहिलेले विषय द्यायचे, तिथे एलसॅट नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. सराव लॉहबवरच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच संकेतस्थळावरच्या, नव्या स्वरूपाच्या चाचण्यांवर कर. पहिली पूर्ण चाचणी घड्याळ लावून दे आणि चुकलेले प्रश्न मला पाठव. कुठे ‘तर’चं ‘तरच’ झालं ते आपण दोघी मिळून बघू.