माडीवर मिटिंग, खाली बाळ

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं मँचेस्टरला असतो. बायकोचं माहेर बेळगावात शहापूरला, माझं घर निपाणीजवळच्या खेड्यात. बाळंतपण माहेरीच करायचं ठरलं. मुलगी आता पाच आठवड्यांची आहे. पितृत्व रजेचा एक आठवडा घेतला, आणि सध्या कंपनीच्या परवानगीनं सासुरवाडीच्या माडीवरून काम करतोय, दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. खाली बाळ रडलं की वर जीव लागत नाही. जिना उतरलो की सासूबाई म्हणतात, "तुम्ही कशाला उठलासा? मिटिंग हाय न्हवं?" मुकाट्यानं परत वर जातो. रात्री खाली येतो तेव्हा बाळ झोपलेलं असतं. सकाळी मी उशिरा उठतो, तोवर तिची आंघोळ होऊन गेलेली असते. बायको हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही. दोन-अडीच महिन्यांनी परत जायचं आहे. ना काम धड होतंय, ना घर. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात : दोन-अडीच महिन्यांनी परत जायचं आहे. आज बाळाला घ्यायला आजी आहे, मावशी आहे, तेल लावायला येणारी बाई आहे. मँचेस्टरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघंच असणार. आंघोळ घालणं, ढेकर काढणं, कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं झोपेचं हे ओळखणं, हे सगळं एकट्या बायकोलाच येत असेल, तर तिकडे तिला क्षणाची उसंत मिळणार नाही. हे दोन-अडीच महिने तुमच्या शिकण्याचे आहेत. शहापूरच्या घरात तुम्ही पाहुणे राहिलात, तर स्वतःच्या घरातही बाळाच्या बाबतीत पाहुणेच राहाल.

सासूबाईंचं म्हणणं आधी समजून घ्या. त्या तुम्हाला दूर लोटत नाहीत. आपल्या भागात जावई सासुरवाडीला आला की त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात; त्यानं दुपटी बदलायची आणि लंगोट वाळत घालायचे, हे त्यांना आपल्या पाहुणचारातली कसूर वाटत असणार. त्यातून तुमचं काम परदेशातलं, साहेब पडद्यावर दिसतो, म्हणून धाकही आहे. यावर वाद घालून काही मिळणार नाही. "आई, मला शिकवा. तिकडे आम्हाला कोणी नाही," एवढं सरळ सांगा. ज्या बाईनं चार बाळंतपणं काढली आहेत, तिच्याकडे कोणी शिकायला आलं तर ती नाही म्हणत नाही. आणि हे तुम्ही स्वतः म्हणा. बायकोच्या तोंडून गेलं, तर मुलगी नवऱ्याला कामाला लावते असा अर्थ निघेल आणि बोल तिला लागेल.

आता तुमची वेळ बघा. इंग्लंडचं काम इथल्या दुपारी दीडला सुरू होतं, म्हणजे अख्खी सकाळ तुमची आहे. मँचेस्टरच्या तुमच्या एकाही सहकाऱ्याला आठवड्याच्या दिवशी बाळाबरोबर अशी सकाळ मिळत नाही. ती तुम्ही झोपून घालवता हे वाचून मला फार वाईट वाटलं. साडेनऊला काम संपल्यावर दोन तास मोबाईल बघत बसू नका. अकराला झोपा, साडेसहाला उठा. सकाळचं बाळ पूर्ण तुमच्याकडे घ्या. सासूबाई पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर पालथं-उताणं घेतात, एका हातानं मान सावरतात आणि दुसऱ्यानं पाणी घालतात. ते पहिले आठ दिवस नुसतं बघा, पाणी घाला, टॉवेल धरा. मग एक दिवस त्या शेजारी असताना तुम्ही बसा. तिकडे पाय पसरून बसायला न्हाणीघर नसेल, टब असेल, पण ओलं बाळ हातातून निसटतं कसं आणि धरायचं कुठं, हे हाताला इथंच कळेल. पाण्याला कोपर लावून बघायचं, तळहात नव्हे, हे त्या सांगतीलच.

बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पाजणं तुम्हाला शक्य नाही. बाकी सगळं शक्य आहे. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं. सध्या पाऊस आहे. बेळगावच्या पावसात दुपटी तीन-तीन दिवस ओलसर राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. ती इस्त्री करून कोरडी करायचं काम आजपासून तुमचं. दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट म्हणजे दूध पुरतंय, हा हिशेबही मग आपोआप तुमच्याकडे राहील. त्यापेक्षा कमी व्हायला लागले, तर ते सगळ्यांत आधी तुमच्या लक्षात यायला हवं.

शिकताना एक अडचण येईल. आजीच्या हातातलं बरंचसं कौशल्य अस्सल आहे, पण काही गोष्टी आज डॉक्टर नको म्हणतात : शेगडीची धुरी, डोळ्यांत काजळ, नाकात-कानात तेलाचे थेंब, घुटीबरोबर मधाचं बोट. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको. हे जावयानं सासूला ऐकवायचं नसतं. बाळाचे सहाव्या आठवड्याचे डोस आता आलेच आहेत. त्या दिवशी सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. डॉक्टर सांगतील, आजी ऐकतील, आणि घरी कुणाचा शब्द खाली पडणार नाही.

दीड वाजला की मात्र काम. बाळ मांडीवर घेऊन मिटिंगला बसणं एखाद्या दिवशी गोड वाटतं. रोज केलं तर बाळाकडेही लक्ष नसतं आणि कामाकडेही. घरातल्यांना तुमचं काम दिसत नाही, दिसतो तो फक्त लॅपटॉप, म्हणून त्यांना तुम्ही कधी मोकळे हे कळायला काहीतरी खूण हवी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज सकाळी त्या दिवसाच्या मिटिंगच्या वेळा, इथल्या घड्याळाप्रमाणे, लिहून ठेवा. माडीचं दार बंद असेल तर मिटिंग चालू. उघडं असेल तर हाक मारायची, अगदी सासऱ्यांनीसुद्धा. आणि कॅलेंडरमध्ये संध्याकाळी सहा ते सात हा तास घरासाठी राखून ठेवा. तेव्हा इंग्लंडात दीड-अडीच, म्हणजे जेवणाची सुटी आणि पुढचा थोडा वेळ असतो. मॅनेजरला कारण सांगा, "बाळ आहे" असं स्पष्ट. बाळं संध्याकाळी जास्त रडतात आणि पाच-सहा आठवड्यांच्या सुमाराला हे रडणं सगळ्यांत वाढतं. तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्या तासाला तुम्ही खाली असलात, तर दिवसभर बाळ घेऊन बसलेल्या बाईच्या हातांना विसावा मिळेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे जाईल आणि तुमचं काम अडीच ते साडेदहा होईल, तेव्हा हा तासही पुढे सरकवा.

हेस्कॉमची वीज पावसात भरवशाची नसते. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन भरून ठेवा. खानापूरच्या वर, जांबोटी-कणकुंबीकडे ज्यांचं घर आहे, त्यांनी तर पावसाळ्यात तिथून नियमित काम करण्याचा भरवसा ऑफिसला देऊच नये.

आता बायकोचं. याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण माझं मन तिथं अडकलंय. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे मन भरून येणं, उगाच रडू येणं, हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप निवळतं. पाच आठवडे झाल्यावरही ती गप्प असेल, तर फक्त तुमच्यावरच्या रागानं गप्प असेल असं धरून चालू नका. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही का? खाण्यावरची वासना गेली आहे का? "मला हे जमत नाही, मी चांगली आई नाही," असं म्हणते का? यातलं काही असेल तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि दूध पाजत असतानाही ते घेता येतात. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. सरकारच्या टेलि-मानस या हेल्पलाईनचा नंबर 14416 आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि भाषा निवडता येते. स्वतःचा किंवा बाळाचा जीव नकोसा वाटतोय असं काहीही ती बोलली, तर वाट बघू नका, तिला एकटी ठेवू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा. असं नैराश्य वडिलांनाही येतं. तुम्हाला काही दिवस सतत निराश वाटत असेल, तर तुम्हीही बोला.

आणि कदाचित तसं काही नसेलही. कदाचित तिला एवढंच वाटत असेल की एकाच घरात राहून नवरा एका जिन्याइतका लांब आहे. म्हणून विचारताना "काय झालंय?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. "काल रात्री किती वेळा उठलीस? आज पहाटेचं मी बघतो, तू फक्त पाजून झोप," असं म्हणा, आणि तसं करा.

अंग गरम लागलं तर थर्मामीटर लावा; तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप असेल, तर मिटिंग सोडून तडक हॉस्पिटल. यात आजीचा काढा नको, सकाळची वाट नको.

परत जाण्याची तयारी आजपासून. बाळ झोळीत झोपतंय का? बहुतेक आपल्या घरी झोपतंच. तिकडे झोळी नाही, आणि सुरक्षित झोप म्हणजे घट्ट, सपाट गादीवर, उताणं, आजूबाजूला उशी-गोधडी काही नाही. निघायच्या किमान महिनाभर आधी दिवसातली एक झोप सपाट गादीवर सुरू करा, मग रात्रीची. नाही तर तिकडच्या पहिल्या रात्री साडेचार-साडेपाच तासांचा घड्याळाचा फरक आणि झोळीचा हट्ट, दोन्ही एकदम तुमच्या अंगावर येतील.

कागदपत्रांना तुमची सकाळ कामी येईल. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. हॉस्पिटलनं केली असेल, पण दाखला हातात घ्या. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. त्यावर आई-वडिलांची नावं तुमच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतात का ते बघा. कानडीतून इंग्रजीत येताना मराठी आडनावांची अक्षरं बदलतात, हे इथं नेहमीचं आहे. तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवर जन्मस्थळ 'बेळगाम' असेल आणि मुलीच्या दाखल्यावर 'बेळगावी', तर घाबरू नका. शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं आहे. मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळेल, त्यानंतर तिच्या व्हिसाचा अर्ज. व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटं काढू नका. तायी कार्डावरच्या, म्हणजे कर्नाटकात मिळणाऱ्या आई-बाळाच्या कार्डावरच्या, लसींच्या नोंदी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. आपल्याकडे लसी 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात, इंग्लंडात 8, 12 आणि 16; तिथल्या नर्सला नेमकं काय दिलंय ते वाचता आलं पाहिजे.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या वाचकांना थोडी बदलून घ्यावी लागेल. न्यू जर्सीची वेळ पाळायची तर काम संध्याकाळी साडेसहा-साडेसातपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत चालतं. तुम्ही जागेच असता, तेव्हा रात्री बारा आणि दोनच्या पाजण्यानंतरची ढेकर आणि लंगोट तुमच्याकडे घ्या, आणि सकाळची झोप मात्र निःसंकोच घ्या. घरातल्यांना तसं आधी सांगून ठेवा, म्हणजे जावई दहापर्यंत झोपतो अशी चर्चा होणार नाही.

शेवटी तुमच्या उरलेल्या रजेबद्दल. तुम्ही एकच आठवडा घेतलात हे उत्तम झालं. इंग्लंडात एप्रिल 2024 पासून पितृत्व रजेचे दोन आठवडे वेगवेगळे घेता येतात, बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही. दुसरा आठवडा इथं अजिबात खर्चू नका. मँचेस्टरला उतरल्यापासूनच्या सात दिवसांसाठी तो ठेवा, जमल्यास वार्षिक सुटीतले चार दिवस जोडा. त्यासाठी कंपनीला 28 दिवस आधी कळवावं लागतं, म्हणून व्हिसा मिळून तिकीट काढलंत की त्याच दुपारी, पहिल्या मिटिंगच्या आधी, ती मेल पाठवा.