दुबईला यायचं म्हणतेस, तर आधी कागद

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बी.फार्म. झालं, गावातल्या मेडिकलवर अनुभवही घेतलास, आणि आता एजंट म्हणतोय, ‘व्हिजिट व्हिसावर या, बाकीचं तिथं बघू.’ तशी येऊ नकोस. इथं काउंटरमागे उभं राहायला परवाना लागतो, आणि त्याची बहुतेक तयारी भारतात बसूनच होते. व्हिजिट व्हिसावर आलेल्या मुली खोलीचं भाडं भरत पुस्तकं वाचताना मी पाहते. तेच वाचन घरी आईच्या हातचं खाऊन होतं.

दुबईचा परवाना दुबई हेल्थ ऑथॉरिटीचा. अबू धाबीचं खातं वेगळं, आणि शारजा-अजमानला आरोग्य मंत्रालयाचा परवाना. एकाचा दुसरीकडे आपोआप चालत नाही, म्हणून कुठं जायचं ते आधी ठरव. सौदीचा मोह असेल तर एवढं ध्यानात ठेव: 2025 पासून तिथं खासगी औषधदुकानांत 35 टक्के आणि हॉस्पिटलच्या फार्मसीत 65 टक्के जागा सौदी नागरिकांनी भरायची सक्ती झाली आहे. मी तरी तुला आज सौदी सुचवणार नाही. आणि तुझ्या मैत्रिणीचं नुसतं डी.फार्म., म्हणजे पदविकाच, आहे ना? तिला इथं फार्मसिस्ट म्हणून परवाना मिळणार नाही, फार तर सहायकाचा. तिला खोटी आशा लावू नकोस.

परवान्यासाठी संगणकावर जी परीक्षा द्यावी लागते, तिला सगळे प्रोमेट्रिक म्हणतात, तिची धास्ती सगळ्यांना असते. माझ्या मते खरी चाळण डेटाफ्लोची आहे. ही कंपनी तुझे कागद थेट विद्यापीठाकडून, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडून आणि तू जिथं काम केलंस त्या दुकानाकडून पडताळून घेते. दुकानाच्या मालकाला ईमेल जातो. तो ईमेल उघडणारा माणूस आहे का, हे आजच बघून घे; नाहीतर महिनाभर फाइल तिथंच अडकते.

आणि स्पष्टच विचारते, रागावू नकोस. आपल्याकडे सर्टिफिकेट भाड्यानं लावायची चाल आहे: भिंतीवर फ्रेम एकाची, औषध देतो दुसराच. तुझं नाव एका दुकानावर लावलेलं असेल आणि त्याच काळाचा अनुभवाचा दाखला दुसऱ्या दुकानाचा आणलास, तर पडताळणीत ते उघडं पडतं. सौदी, कतार, ओमान यांची पडताळणीही हीच कंपनी करते, तेव्हा एकीकडे पडलेला डाग पुढंही आडवा येतो. अनुभव कमी असेल तर कमीच दाखव.

एजंटला पैसे द्यायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपास. नोंदणी असलेल्यालाही 30,000 रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याला सरळ नमस्कार कर. ऑफर लेटर आलं की एकूण पगाराच्या आकड्यानं हरखू नकोस, ‘बेसिक’, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती ते वाच. नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांच्या पगाराएवढी ग्रॅच्युइटी मिळते, ती बेसिकवर. पासपोर्ट तुझ्याच ताब्यात राहिला पाहिजे. मालकानं तो ठेवून घेणं इथं बेकायदा आहे.

आता कामाचं. तुझ्या हाताला चार गोळ्या कापून द्यायची सवय असेल, ती मोडावी लागेल. इथं पूर्ण बॉक्स जातो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारे भेटतील, हुज्जत घालतील, तरी द्यायचं नाही. क्रोसिन-डोलो कुणाला ठाऊक नाही. पॅनाडॉल किंवा अडोल म्हणायचं. अर्धा वेळ तर इन्शुरन्सच्या स्क्रीनपुढंच जातो. डॉक्टरनं लिहिलेलं निदान आणि औषध जुळलं नाही की क्लेम परत येतो, आणि समोरच्या माणसाला वाटतं तूच अडवतेयस.

रमजानमध्ये मात्र खरी फार्मसी करायला मिळते. दिवसातून तीनदा लिहिलेलं औषध संध्याकाळची इफ्तार आणि पहाटेची सहरी यांच्या मधे कसं बसवायचं? कधी डॉक्टरला फोन करून दिवसातून एकदाच घ्यायचं औषध सुचवायचं. मधुमेहाचे पेशंट ‘उपास धरू का’ विचारतात. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दुपारनंतर खाली जाऊ शकते. त्याला रमजानच्या आधीच डॉक्टरकडे धाड, आणि साखर 70 च्या खाली गेली तर उपास सोडायचा, हे त्याच्या बायकोच्या देखत सांग. इथं आमच्या काउंटरवर लोक आम्हाला ‘दक्तुरा’, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणतात. त्या हाकेनं फुशारू नकोस, पण त्यामागे खरोखर विचारायला आलेला माणूस असतो.

बॅग भरताना ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन असल्या दुखण्यावरच्या गोळ्या घालू नकोस, घरच्या कुणासाठीही नाही. ही इथं नियंत्रित औषधं आहेत. आणि आईला सांग, अनारसे देऊ नकोस. खसखशीला इथं बंदी आहे. चकल्या चालतील.

शेवटी नावाचं. तुझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि डिग्रीवर वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्त असेल तर तेवढ्यावरूनही शंका काढतात. मार्कशीट, डिग्री, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि पासपोर्ट, चारही स्कॅन करून मला पाठव. फी भरायच्या आधी मी अक्षर न् अक्षर जुळवून बघते. फरक निघालाच तर अॅफिडेव्हिट करावं लागेल, ते तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसात होतं.

तुझी,
मावशी