वाचकांचे प्रश्न : संस्थेबरोबर एक दिवसाचा ट्रेक

पावसाळा ओसरू लागला की या सदराकडे डोंगरभटकंतीविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. आपल्या शहरातल्या एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबर एक दिवसाच्या ट्रेकला जायचे, तर आधी काय पाहावे आणि आपण स्वतः काय सांभाळावे, असे वाचक विचारत आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. दर आठवड्याला समाजमाध्यमांवर ट्रेकच्या कितीतरी जाहिराती दिसतात. कुणी कमी पैसे घेतो, कुणी त्याच किल्ल्यासाठी दुप्पट. कुणी संस्था म्हणवते, कुणी कंपनी. माझ्या ओळखीत ट्रेक करणारे कुणीच नाही. निवड कशाच्या आधारावर करावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पैशांवरून निवड करू नका आणि फोटोंवरून तर मुळीच नको. आपल्याकडे डोंगरात नेणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर आणि हौसेवर चालणाऱ्या संस्था. मुंबईची गिरिविहार १९५४ पासून आणि पुण्याची गिरिप्रेमी १९८२ पासून कार्यरत आहे आणि त्यांच्यासारख्या लहानमोठ्या संस्था आज बहुतेक शहरांत आढळतात. अशा ठिकाणी नेतृत्व करणारे सहसा नोकरी-व्यवसाय सांभाळून येणारे जुने सभासद असतात आणि प्रवास, चहा-नाश्ता व गावातले जेवण यांचा खर्च सर्वांत वाटून घेतला जातो. दुसरा प्रकार व्यावसायिक आयोजकांचा. दोन्हींत उत्तम माणसे आहेत आणि दोन्हींत निष्काळजी माणसेही आहेत, म्हणून केवळ ‘संस्था’ या नावावर विसंबू नये. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. ती नोंदणी आहे का, हे अवश्य विचारा. मात्र कागद नीट असले म्हणजे वाटेची माहितीही आहे, असे गृहीत धरू नका.

माझ्या मते सर्वांत खात्रीची परीक्षा एका फोनमध्ये होते. चांगला लीडर पैसे कसे भरायचे ते सांगण्याआधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. याआधी कुठे गेला होतात, चार मजले चढल्यावर धाप लागते का, उंचावरून खाली पाहताना भीती वाटते का, दमा, रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, कोणती औषधे चालू आहेत, पायात काय घालणार आहात, हे त्याला जाणून घ्यायचे असते, कारण डोंगरात तुमचे काय होईल याची चिंता त्याला आतापासूनच लागलेली असते. याउलट ‘एकदम सोपा आहे, कुणीही येऊ शकते’ असे जो नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्याबद्दल सांगतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. चढताना पायऱ्यांच्या कडेला कोरलेल्या खोबण्यांत बोटे घालावी लागतात आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवून एकेक पाऊल खाली चाचपावे लागते. सुट्टीच्या दिवशी त्याच अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. नवख्या माणसाला तेथे पाठवताना ज्याला काही विचारावेसे वाटत नाही, तो अडचणीच्या वेळीही काही विचारणार नाही.

मग तुमची पाळी. एकूण किती माणसे आहेत आणि त्यांच्यामागे किती लीडर आहेत, ते विचारा. आठ-दहा जणांमागे एक अनुभवी माणूस असावा, असे मला वाटते. पन्नास जणांच्या बसमागे दोन लीडर असतील तर ती फक्त सहल झाली. या मोसमात ही वाट लीडरने स्वतः चालून पाहिली आहे का, हा प्रश्न विसरू नका, कारण एका पावसात दरड येते, वाट वाहून जाते, गवत पुरुषभर वाढते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन गिर्यारोहण संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला लीडर असेल तर आनंदच आहे. तरीही बर्फावर शिकलेल्या माणसाला सह्याद्रीतला घसारा (सुट्या माती-दगडांचा उतार), निसरडा कातळ आणि आग्या मोहोळ यांची ओळख वेगळी करून घ्यावीच लागते. प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या सॅकमध्ये असते आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण कोणाला आहे, तेही विचारा. असे प्रश्न विचारल्याबद्दल जो रागावेल, त्याचे उत्तर तेथेच मिळाले असे समजा.

ठाण्याहून पहिल्या खेपेला लोहगड, कोरीगड किंवा कर्नाळा यांपैकी एखादा कार्यक्रम पाहा. लोहगडाला मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून गायमुख खिंडीत आणि तेथून लोहगडवाडीत चढता येते. पुढे गडावर पायऱ्या आहेत. चढ अंगावर येतो, पण वाट चुकण्याची भीती कमी आणि परत फिरावेसे वाटले तर कुठूनही फिरता येते. हा किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. पावसाळी रविवारी तेथे रीघ लागते, म्हणून विचारी संस्था पहाटेची गाडी धरते किंवा वेगळा वार निवडते. तुमच्या संस्थेने काय ठरवले आहे, यावरूनही तिची पारख होईल.

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका आहे. रोज तासभर चालते. गुडघे कधीमधी कुरकुरतात. मैत्रीण ज्या गटाबरोबर जाते, तेथे मलाही बोलावले आहे. परंतु सगळे माझ्यापेक्षा तरुण आहेत आणि माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल, या विचारानेच मी दोनदा नाही म्हटले. मी जावे का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, जरूर जा, फक्त त्याआधी गुडघे डॉक्टरांना दाखवा. खोळंब्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, ती इतक्या जणांच्या मनात असते की त्यापायी कितीतरी माणसे आयुष्यभर डोंगराच्या पायथ्यावरून परततात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. गटाची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीवर ठरते, हा डोंगरातला जुना शिरस्ता आहे. तो कुणावर केलेला उपकार नाही. पुढे एक लीडर, मागे एक लीडर, आणि मागच्याच्या मागे कुणीही राहायचे नाही. वाटेला फाटा फुटला की मागचा माणूस दिसेपर्यंत तेथे कुणीतरी उभे राहायचे. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. एवढे जेथे पाळले जाते, तेथे तुमच्यामुळे कुणाचे काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र बारकाईने पाहा. अनेक गटांत वेगाने चालणारे पुढे जाऊन सावलीत बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. पंधरा मिनिटांनी मागचा माणूस धापा टाकत तेथे पोहोचतो आणि तो पोहोचताक्षणी ‘चला, सगळे आले’ म्हणून सारे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या वाट्याला दिवसभरात एकही विश्रांती येत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या थांब्यानंतर त्याचा पाय लटपटू लागतो. जाणता लीडर सावकाश चालणाऱ्यांना आपल्या लगेच मागे घेतो, त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून स्वतःची चाल बेतशीर ठेवतो आणि शेवटचा माणूस आल्यानंतरची पाच मिनिटे विश्रांतीत धरतो. पहिल्याच थांब्यावर हे तुमच्या ध्यानात येईल. तसे होत नसेल, तर संकोच न करता लीडरला सांगा, ‘मला पाच मिनिटे बसायचे आहे.’ तो तुमचा हक्क आहे.

गुडघ्यांचा कस चढणीपेक्षा उतरणीला लागतो. एक काठी जवळ ठेवा आणि उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घट्ट आवळा, म्हणजे पाऊल पुढे सरकून अंगठ्याचे नख दुखावणार नाही. घसाऱ्यावर घाबरून मागे रेलले की पाय हमखास सटकतो. त्याऐवजी गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवे टाकून, लहान पावलांनी उतरा. नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका; आठ-दहा दिवस रोजच्या फेरफटक्याला वापरा. पाणी तीन लिटर, मीठ-साखर किंवा जलसंजीवनीची पुडी, टोपी, शिट्टी, विजेरी आणि कोरडे खाणे एवढे पाठीवर असले की बाकीचे फारसे लागत नाही. गुडघ्यांविषयी लीडरला आधीच सांगून ठेवा, आणि मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही. तुम्हाला न्यायला ते नाही म्हणतील या धास्तीने लपवू नका. लपवलेले दुखणे नेमके कड्यावर डोके वर काढते आणि मग वीस माणसांना काळोखात तुम्हाला उतरवावे लागते.

नाशिककरांना सुरुवातीला रामशेज आहे. आशेवाडीतून चढ लहान आहे आणि १६८२ पासून काही वर्षे मोगलांच्या वेढ्याला दाद न देणारा हा किल्ला इतका बुटका कसा, याचे नवल करत माथ्यावर मनसोक्त फिरता येते. तो जमला की अंजनेरी करा. कळसूबाईला शिड्या आणि कठडे आहेत, म्हणून पुष्कळ जण ती सोपी समजतात. पण १६४६ मीटरवरचे ते शिखर बारी गावातून जवळजवळ अखंड चढावे लागते आणि तेवढेच उतरावेही लागते. त्यासाठी आधी दोन-तीन लहान ट्रेक पायाखाली घाला.

प्रश्न : आमची १९ वर्षांची मुलगी एका संस्थेबरोबर रविवारी जाऊ इच्छिते. तिच्या ओळखीचे त्यात कुणी नाही. आम्हाला काळजी वाटते, पण तिला अडवावेसेही वाटत नाही.
– एक आई, पुणे

उत्तर : अडवू नका. संस्थेला थेट विचारा की लीडरांमध्ये एखादी स्त्री आहे का, आधीपासून येणाऱ्या मुली-महिला किती आहेत, कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कोणत्या गावात केली आहे, आणि रात्री उशीर झाला तर तिला घराजवळ कोण सोडणार. मद्यपानाविषयी संस्थेचा नियम काय आहे, हे विचारताना आडपडदा ठेवू नका. जेथे तो नियम ठाम शब्दांत सांगितला जात नाही, तेथे पाठवू नये. दोन लीडरांचे क्रमांक आणि पायथ्याच्या गावाचे नाव घरी लिहून ठेवा. डोंगरात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा दुपारी फोन लागला नाही म्हणून घाबरून जाऊ नका. परतीची जी वेळ सांगितली असेल, तिच्यानंतर किती वेळाने चौकशी करायची हे लीडरशी आधीच ठरवून घ्या. आणि हे सारे प्रश्न तुम्ही विचारण्याऐवजी तुमच्या मुलीला विचारू द्या. तुम्ही शेजारी बसा.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही एका संस्थेबरोबर पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. पाऊस जोरात होता. मंदिर तासाभरावर असताना ओढ्याशी लीडरने सर्वांना परत फिरवले. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढेच होते आणि दुसरा एक गट आमच्या डोळ्यांदेखत पलीकडे गेला. मी वर्गणी परत मागितली, तर त्यांनी नकार दिला. माझे चुकले का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : तुमची निराशा मला समजते. रात्रीचा प्रवास करून, भिजत, एवढ्या जवळ जाऊन मंदिर न पाहता परतणे सोपे नाही. तरीही त्या लीडरने केले ते योग्य होते, असे तुम्ही कळवलेल्या माहितीवरून मला निःसंशय वाटते. गुडघ्याएवढे पाणी संथ असेल तर काहीच नाही. तेच पाणी उतारावरून जोराने वाहत असेल, तर पायाखालचा दगड हलताच धडधाकट माणूसही आडवा होतो. शिवाय ओढा ओलांडायचा की नाही, याचा निर्णय जातानाच्या पाण्यावर घेता येत नाही, तो परतीच्या पाण्याचा अंदाज बांधून घ्यावा लागतो. माथ्यावर पाऊस कोसळत असेल तर सकाळी गुडघ्याला लागलेले पाणी दुपारी कमरेपर्यंत येऊ शकते आणि मग गट पलीकडे अडकतो. पाणी किती झपाट्याने वाढते, हे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यावर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. एकाच कुटुंबातली पाच माणसे त्या लोंढ्यात गेली. दुसरा गट पार झाला, यावरून तो निर्णय शहाणपणाचा होता असे ठरत नाही.

वर्गणीचे म्हणाल, तर बसचे भाडे आणि गावात सांगून ठेवलेल्या जेवणाचा खर्च संस्थेने केलेलाच होता. माथा गाठून देण्याची हमी कुणी दिली नव्हती आणि तशी हमी देणाऱ्याबरोबर जाऊही नये. मागणी करण्यात गैर काही नव्हते, परंतु नकारामुळे संस्था वाईट ठरत नाही. मात्र परत का फिरतो आहोत, हे ओढ्याच्या काठावरच सर्वांना नीट समजावून सांगणे लीडरचे कर्तव्य होते. ते त्याने केले नसेल, तर तुमची तक्रार त्याबद्दल असावी आणि ती संस्थेला लेखी कळवावी. पाऊस थांबला की पाचनईची हीच वाट पुष्कळ सौम्य होते. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या त्यांच्या कार्यक्रमांत हरिश्चंद्रगड आहे का ते विचारा आणि असेल तर त्याच लीडरच्या गटात नाव नोंदवा.