माळा उपसताय? व्हीएचएस कॅसेटी आधी बाजूला ठेवा

मे महिन्यात माळा काढायला घेताय हे उत्तम. बाजारहाट, रद्दीवाला ही कामं सकाळी दहाच्या आत उरका आणि दुपारी पंख्याखाली निवांत या जुन्या व्हिडिओ कॅसेटी घेऊन बसा.

लेबलवर विश्वास ठेवू नका. 'बारसं' लिहिलेल्या कॅसेटच्या शेवटी दूरदर्शनच्या मराठी बातम्या निघू शकतात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण तेव्हापासूनचं सगळंच काही जतन झालेलं नाही. म्हणून मालिकेपेक्षाही मधल्या जाहिराती, निवेदिकेच्या दोन ओळी, प्रक्षेपण अडलं की दिसणारी 'व्यत्यय'ची पाटी हे जास्त मोलाचं. मालिका कुठेतरी सापडते, हे सहसा सापडत नाही.

कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, अजिबात घालू नका. टेप वाचणारं हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागेल. अशी कॅसेट पिशवीत वेगळी बांधा, जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगल्या कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिक पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. कॉम्प्युटरवर उतरवताना सेटिंग पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) ठेवा, एनटीएससी (NTSC, अमेरिकेतली) नाही. आणि पावसाळ्याआधीच उरका, दमट हवा बुरशीला फार मानवते.

जुना डबा टीव्ही? मागचं झाकण उघडू नका, बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये जबर व्होल्टेज उरलेलं असू शकतं. काचेत शिसंही असतं, तेव्हा भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्यांना द्या. मात्र चालू असेल तर, घरचे कितीही कुरकुरले तरी, मी तो ठेवेन.