@ऑटोवायर्ड लिहूनही फील्ड रिकामे का राहते?

प्रश्न : आमच्या दारव्हा तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये कापूस खरेदीचे ॲप तयार करीत असून ते खरेदी केंद्रावरील संगणकावरच चालते. काटापट्टी झाली की शेतकऱ्याला एसएमएस जावा म्हणून ‘पट्टीसेवा’ या क्लासमधील फील्डवर @ऑटोवायर्ड लिहिले, तरीही पट्टी सेव्ह करताना नलपॉइंटर एक्सेप्शन (रिकामे फील्ड वापरल्याची चूक) येते. केंद्रावरचे इंटरनेट वारंवार जाते, म्हणून पट्टी छापणारा दुसरा क्लास एसएमएस पाठवणाऱ्या क्लासच्याच इंटरफेसवर लिहिला, तर आता ॲप सुरूच होत नाही. त्याऐवजी @इंजेक्ट वापरावे काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : @इंजेक्टने यातले काहीही सुटणार नाही. @ऑटोवायर्ड हे स्प्रिंगचे स्वतःचे (2007, आवृत्ती 2.5), तर @इंजेक्ट हे 2009 च्या जेएसआर-330 या जावा मानकातले, स्प्रिंग दोन्ही जवळपास सारखेच हाताळते.

आपण कोड पाठवलेला नाही, पण कंट्रोलरमध्ये बहुधा ‘न्यू पट्टीसेवा’ असे लिहिलेले सापडेल. ॲनोटेशन, म्हणजे @ऑटोवायर्डसारखी कोडवरची खूण, स्वतःहून काही करीत नाही. स्प्रिंगचा कंटेनर एखादा ऑब्जेक्ट स्वतः तयार करतो तेव्हाच ते वाचून फील्ड भरतो, आणि ‘न्यू’ने आपण बनवलेल्या ऑब्जेक्टची त्याला खबरही नसते. बीन, म्हणजे कंटेनरने तयार केलेला ऑब्जेक्ट, सापडलेच नसते, तर ॲप सुरू होतानाच अडले असते. म्हणून पट्टीसेवेवर @सर्व्हिस लावून ती कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मागावी, आणि निरोप पाठवणारा ऑब्जेक्टही पट्टीसेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्येच घ्यावा. फील्डवरचे @ऑटोवायर्ड मला कधीच पटलेले नाही : कन्स्ट्रक्टर असता, तर रिकामे ‘न्यू पट्टीसेवा’ कंपाइलच झाले नसते आणि चूक तिथेच उघडी पडली असती. शिवाय फील्ड ‘फायनल’ ठेवता येते, आणि क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर आवृत्ती 4.3 पासून (2016) त्यावर @ऑटोवायर्ड लिहावेही लागत नाही.

दुसऱ्या अडचणीचे कारण असे की स्प्रिंग आधी टाइप पाहून बीन शोधते आणि आता त्या टाइपचे दोन दावेदार उभे आहेत. एरवी अशा वेळी एकावर @प्रायमरी लावतात किंवा मागताना @क्वालिफायरने नाव सांगतात. आपल्याला मात्र दोन्ही क्लास हवे आहेत, आणि ही ॲनोटेशन्स ॲप सुरू होतानाच निवड करून मोकळी होतात. दुपारी इंटरनेट गेले म्हणून ती बदलत नाहीत. तेव्हा कन्स्ट्रक्टरमध्ये त्या इंटरफेसची लिस्टच मागावी. स्प्रिंग दोन्ही बीन्स तीत भरून देईल. एसएमएसच्या क्लासवर @ऑर्डर(1) आणि छपाईच्या क्लासवर @ऑर्डर(2) लावल्यास क्रमही ठरेल. मग लूपमध्ये पहिल्याने एक्सेप्शन फेकले की दुसऱ्याकडे वळावे. त्यासाठी एसएमएसच्या क्लासमध्ये एक्सेप्शन गिळून टाकणारा रिकामा ‘कॅच’ ब्लॉक असेल, तर तो आधी काढून टाकावा, नाहीतर निरोप गेला नसतानाही तो गेल्यासारखे वाटेल आणि पट्टी छापलीच जाणार नाही.