60 आणि 100 वॅटचे बल्ब 230 व्होल्टवर एकसर (एकामागोमाग एक) जोडले, तर जास्त प्रखर कोणता?

60 वॅटचा. बल्बवर छापलेले वॅट त्याला पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तरच खरे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. आधी रोध (R) काढा: R = V²/P, म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. 60 वॅटचा सुमारे 882 ओहम, 100 वॅटचा 529 ओहम. एकसर जोडणीत दोघांतून धारा (I) एकच, 230 ÷ 1411 म्हणजे साधारण 0.163 अँपिअर. आता I²R वापरा: पहिल्याला सुमारे 23.4 वॅट, दुसऱ्याला जेमतेम 14. प्रत्यक्षात तार कमी तापल्याने रोध घटतो, आकडे बदलतात. परीक्षेत ते सोडून द्या. समांतर जोडणीत मात्र दोघांनाही पूर्ण 230 व्होल्ट मिळतात, म्हणून 100 वॅटचाच प्रखर. हे सगळं तारेच्या बल्बचं, एलईडीला लावू नका.