सरळ गाळा सोडा, आधी फाटा सोडवा

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही चौघं मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टसाठी खांबांवरून जाणाऱ्या छोट्या डब्यांच्या मार्गाचा ट्रॅक डिझाइन करतोय. डबा खाली लटकतो, चाकं पोलादी पेटीच्या आत धावतात आणि पेटीच्या तळाला सलग फट आहे. फाट्यावर कुठे वळायचं ते डबाच ठरवतो, ट्रॅकचा कुठलाही भाग हलत नाही. दोन खांबांमधल्या ३० मीटरच्या सरळ गाळ्याचं बेंडिंग (वाकणं) आणि डिफ्लेक्शन (भाराखाली खाली झुकणं) तपासलं, दोन्ही मर्यादेत आहेत. पेटीचा तोच छेद (आडव्या कापाचा आकार) वळणावर आणि फाट्यावर चालेल का? आणि १:१० चं मॉडेल करून त्यावर वजन टांगून बघितलं, तर तेवढी चाचणी पुरेल का?

उत्तर : चालणार नाही. तुमचं सरळ गाळ्याचं गणित बरोबर असेलही, पण अशा ट्रॅकचा छेद सरळ गाळ्यावरून ठरत नाही, फाट्यावरून ठरतो. माझी नोकरीची वर्षं पोलादी गर्डरच्या ड्रॉइंगवर गेली. नवी मुलं हाताखाली आली की पहिल्यांदा सरळ गाळाच सोडवायला घ्यायची, कारण त्याची सूत्रं तोंडपाठ असतात. मी त्यांना सांगायचे तेच तुम्हाला सांगते : सगळ्यात अवघड तुकडा आधी घ्या.

अवघड काय आहे, तर ती तळाची फट. पुठ्ठ्याची एक नळी दोन्ही हातांनी पिळून बघा. मग तिला लांबीच्या दिशेनं एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. हाताला लगेच कळेल. मध्यव्यास १०० मिमी आणि जाडी २ मिमी असलेली नळी चिरली, की टॉर्शनमधली, म्हणजे पिळण्याला विरोध करणारी, तिची ताठरता १,८७५ पटींनी कमी होते. त्रिज्येला जाडीनं भागा, वर्ग करा, तीननं गुणा आणि स्वतः पडताळून बघा. बेंडिंगमध्ये मात्र तीच चिरलेली नळी जवळपास पहिल्याइतकीच ताठ राहते. म्हणून तुमच्या तपासणीत काहीच खटकलं नाही.

आता हा पीळ येतो कुठून? सरळ गाळ्यावर डबा बरोबर मध्याखाली लटकतो, तेव्हा उभ्या वजनानं पीळ येत नाही. पण वारा आडवा ढकलतो. तळ उघडा असलेल्या पेटीचं शिअर सेंटर (ज्या बिंदूतून बल गेलं तर पीळ येत नाही तो बिंदू) वरच्या पत्र्याच्याही वर असतं आणि चाकं धावतात खाली, फटीच्या दोन्ही बाजूंच्या ओठांवर. आडवं बल गुणिले हे अंतर, इतका पीळ सरळ गाळ्यालाही बसतो. वळणावर त्यात भर पडते, कारण दोन खांबांना जोडणाऱ्या रेषेपासून वजन बाहेर सरकलेलं असतं. आणि फाट्यावर पेटी रुंद होते, फट फाकते, काही अंतर डबा एकाच बाजूच्या ओठावर लटकतो. भरलेला डबा १,००० किलोचा आणि चाकांची ओळ मध्यापासून ३०० मिमी धरली, तरी साधारण ३ किलोन्यूटन-मीटर पीळ झाला. शिवाय तो एकटा ओठ खाली वाकतो ते वेगळंच. तुमच्या संपूर्ण ट्रॅकमधली सगळ्यात वाईट जागा ही.

जपानमधल्या शोनान (१९७०) आणि चिबा (१९८८) इथल्या लटकत्या मोनोरेल अशाच तळाशी फट असलेल्या पेटीत धावतात. त्यांचे फोटो बारकाईनं बघा. पेटीला बाहेरून ठरावीक अंतरावर बरगड्या दिसतील. त्या पेटीचा आकार धरून ठेवतात आणि ओठ फाकू देत नाहीत. पण पूर्ण गाळ्याचा पीळ नुसत्या बरगड्यांनी पेलत नाही. त्यासाठी वरच्या पत्र्यावर एक बंद पेटी किंवा पाइप सलग वेल्ड करता येतो. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि फाट्याच्या अगदी जवळ एक खांब घेतला असता.

वळणाबद्दल थोडक्यात. ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग आणि १०० मीटर त्रिज्या असेल, तर आडवं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. मोकळा लटकणारा डबा स्वतःहून पावणेसहा अंशांनी झुकेल, प्रवाशाला त्रास होणार नाही. पण सरळ भागाला वर्तुळाचा तुकडा थेट जोडला, तर हे त्वरण एका क्षणात येईल आणि डबा झुलत राहील. मध्ये हळूहळू वळत जाणारा संक्रमण वक्र घाला. त्वरण दर सेकंदाला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गानं वाढतं असं धरलं, तर त्याची लांबी २० मीटर येते.

जॉइंटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ट्रॅक तुकड्यांचा आहे म्हणजे तो प्रश्न येणारच. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ३० मीटर पोलाद १४.४ मिमीनं लांबतं. ती जागा सोडावी लागते आणि चाक तिच्यावरून आपटत जाता कामा नये, म्हणून ओठ तिरपा कापतात. दुसरं, दोन्ही टोकांना नुसत्या टेकवलेल्या गाळ्याचं डिफ्लेक्शन त्याच्या लांबीच्या एक-हजारांश असेल, तर पसरलेल्या भाराखाली टोकाचा उतार ३.२ हजारांश होतो. शेजारचा गाळाही तसाच वाकला, की खांबावरचा कोन त्याच्या दुप्पट. चाकाला तो प्रत्येक खांबावर जाणवतो. गाळे सलग जोडले तर हा कोन जातो, पण मग प्रसरणाचे जॉइंट कुठे द्यायचे ते नीट ठरवावं लागतं.

मॉडेलचं म्हणाल, तर १:१० मध्ये सगळी मापं दहापट लहान केली की स्वतःच्या वजनानं येणारा ताणही दहावा हिस्साच उरतो. त्यामुळे मॉडेल ताठ उभं राहिलं म्हणून खरा ट्रॅक उभा राहील असं सिद्ध होत नाही. मॉडेल जरूर करा, पण ते फाट्याचं करा : चाकं एका ओठावरून दुसऱ्यावर जाताना कुठे अडतात, डब्याचा दांडा फटीच्या टोकाला घासतो का, हे कागदावर सहसा सुटत नाही. ताकदीसाठी मात्र फाट्याचा एक-दीड मीटरचा तुकडा खऱ्या मापाचा, खऱ्या जाडीचा वेल्ड करून घ्या, एका ओठावर वजन टांगा आणि ओठ किती खाली येतो ते डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर) मोजा.

फाट्याचं ड्रॉइंग तयार झालं की मला पाठवा. त्यावर चाकांच्या रेषा, ओठांची जाडी आणि खांबाची जागा लिहिलेली हवी.